शेट्येकाकांनी तुला पत्ता दिला होता

प्रिय सुहास,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. खोडणार होते, पण पेनाने लिहितेय आणि पहिल्याच ओळीत खाडाखोड नको म्हणून राहू दिलं. मुलांच्या वह्यांमधली खाडाखोड मला खपत नाही, हे तुला माहीत आहे.

तू गेल्याला वर्ष होत आलं. पुढच्या रविवारी तुझं वर्षश्राद्ध. या वर्षात तुला कधी पत्र लिहावंसं वाटलं नाही, कारण मनातल्या मनात मी तुझ्याशी बोलतच होते आणि ते सगळं गोडगोड होतं. काल संध्याकाळी आपल्या बिल्डिंगमधल्या शेट्येकाकांनी मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकली आणि मला प्यावंसं वाटलं. इतकं, की मी ठाणे स्टेशनसमोरच्या दारूच्या दुकानापर्यंत चालत गेले. प्यायले नाही. त्याऐवजी आज सकाळी चहा झाल्याबरोबर वही घेऊन बसलेय.

दचकलास ना? 'प्यावंसं वाटलं' असं मी सरळ शाईने लिहिलंय. आपल्या घरात हा शब्द कधी कोणी तोंडातून काढला होता का? आपल्याकडे कोणी पीत नाही! तुझ्या वडिलांनी आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही, हे मला लग्न ठरवतानाच सांगितलं होतं. आपल्या घरात फक्त ब्रँडी असायची, औषधाच्या कपाटात, बाम आणि थर्मामीटरच्या मागे. डोंबिवलीतल्या निम्म्या सोवळ्या घरांत ती तशीच असते. कारण ब्रँडी म्हणजे दारू नव्हे, ब्रँडी म्हणजे सर्दीवरचं औषध.

माझी आई गेली त्या हिवाळ्यात मला खोकला लागला आणि झोप उडाली. तुझ्या आईंनीच मायेने गरम पाण्यात दोन चमचे घालून दिले. "घे गं, छाती मोकळी होईल." छाती मोकळी झाली. खोकला आठवड्याने गेला, दोन चमचे राहिले. मग ते वाढत गेले, आणि ज्या दिवशी मी तुला न विचारता बाटली संपवली, त्या दिवशी तू काय केलंस? ओरडलास? डॉक्टरकडे नेलंस? माझ्या माहेरी फोन केलास? नाही. तू दुसरी बाटली आणलीस आणि म्हणालास, "आता मी देत जाईन. मोजून."

मोजून! खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ते रेघा असलेलं प्लास्टिकचं झाकण असतं ना, ते तू धुऊन जपून ठेवलंस. रोज साडेसातला ते डोळ्यांच्या रेषेत धरायचास आणि रेघेपर्यंत ओतायचास. द्रव कसा मोजावा हे शाळेत आठवीच्या मुलांना मी शिकवते. घरी माझा नवरा माझ्यासाठी तोच प्रयोग रोज करायचा. आधी चार झाकणं. तू गेलास तेव्हा बारा होती.

आणि तू आंघोळीला गेलास की मी वेगळी घ्यायचे, तेही तुला ठाऊक होतं. तू बाटलीवर पेन्सिलीने खूण करायचास. मी ती खोडून खाली नवी खूण करायचे. तू ती बघायचास आणि काही बोलायचा नाहीस. आपण दोघं काय खेळत होतो रे? आठ वर्षं?

आईंना सांगितलं होतंस, वैशालीला मायग्रेन आहे, संध्याकाळी औषध घेऊन पडते. बिचाऱ्या आई! साडेसातची मालिका सुरू व्हायच्या आधी आतून विचारायच्या, "वैशाली, औषध घेतलंस का गं?" मी म्हणायचे, "घेतलं, आई." शाळेत तू माझ्या रजेचे अर्ज द्यायला जायचास. नववी ब च्या वह्या तू तपासायचास, हुबेहूब माझ्या अक्षरात. शाळेतल्या सगळ्या बाया म्हणायच्या, नवरा असावा तर असा. आणि मला ते पटायचं, हे सगळ्यात वाईट.

बाटली तू कल्याणहून आणायचास, ऑफिस सुटल्यावर, डब्याच्या पिशवीतून. डोंबिवलीत दुकानासमोर कोणी बघितलं असतं तर? रिकाम्या बाटल्यांची तऱ्हा तर विचारायलाच नको. दर संकष्टीला टिटवाळ्याला गणपतीला जायचास. पिशवीत वर जास्वंदीचा हार आणि दूर्वा, खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या. आपल्या भंगारवाल्याने ओळखलं असतं म्हणून वाटेत आंबिवलीला उतरून तिथल्या भंगारवाल्याला द्यायचास आणि मग पुढे देवाला जायचास. एकदा परत येऊन मला म्हणालास, "तो भंगारवाला मला हॉटेलवाला समजतो." आपण किती हसलो होतो. आज ते आठवून दात-ओठ खावेसे वाटतात.

आता केतकीबद्दल. यासाठी मी तुला कधी माफ करीन असं वाटत नाही.

हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी तू तिला एकटीला आत बोलावलंस. ती बाहेर आली, मी विचारलं, "काय म्हणाले बाबा?" ती म्हणाली, "काही नाही. काळजी घ्या म्हणाले." मला वाटलं, लेकीला धीर दिला असेल. त्याच रात्री तू गेलास. तेरावा झाला, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. तेरा दिवस मी कसे काढले हे मलाच माहीत, पाहुण्यांच्या गर्दीत चोरूनमारून. चौदाव्या दिवशी साडेसातला केतकी माझ्या खोलीत आली. हातात ट्रे, स्टीलचा ग्लास, गरम पाणी. टेबलाशी वाकली, झाकण डोळ्यांच्या रेषेत धरलं आणि रेघेपर्यंत ओतलं. अगदी तुझ्यासारखं. "आई, औषध."

वीस वर्षांची मुलगी, सुहास! श्वास पुरत नव्हता तुला, तरी तेवढ्यात तू तिला माप शिकवलंस, दुकान सांगितलंस, वेळ सांगितलीस. मी नसताना वैशालीचं काय होईल, याची तुला केवढी चिंता! आणि पोरीचं काय होईल? ती कल्याणला तुझ्याच दुकानात जायला लागली. पहिल्या दिवशी दुकानदाराने तिला विचारलं, "ते काका आजारी आहेत का?"

आणि मी तो ग्लास घेतला. आठ महिने रोज घेतला आणि वर तिला थँक्यू म्हणत होते. हे तुझ्या माथी मारत नाही. ते माझं आहे.

जूनमध्ये केतकीची मैत्रीण घरी आलेली. बोलता बोलता म्हणाली, "काकू, तिला पुण्याला एम.एस्सी.ला मिळालेलं, होस्टेल पण. तिने सोडलं ना, मला तर वेड लागायची पाळी आलेली." मला काहीच माहीत नव्हतं. मैत्रीण गेल्यावर मी केतकीला विचारलं, "का सोडलंस?" ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "साडेसातला कोण देणार?"

रडून म्हणाली असती, चिडून म्हणाली असती तर मी काहीतरी बोलले असते. ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की मी आत जाऊन पलंगावर बसले आणि हात बघत राहिले. थरथरत होते. साडेसात वाजायला अजून तीन तास होते.

दुसऱ्या दिवशी कल्याणला एका डॉक्टरांकडे गेले. पहिल्यांदा खरं बोलले. ते म्हणाले, "एकदम एकटीने बंद करू नका, धोका असतो." गोळ्या दिल्या, रोज फोन करायला सांगितलं आणि म्हणाले, "गोळ्यांनी शरीर सावरेल. पण बाकीच्यासाठी तुम्हाला माणसं लागतील. आपल्याकडे दारू सोडणाऱ्यांचे ग्रुप असतात. शोधा."

मी मोबाइलवर शोधलं. आणि काय सापडलं सांगू? एक ग्रुप डोंबिवलीतच होता. मानपाडा रोडवरून आत वळलं की शाळा आहे ती, भाजीबाजाराच्या मागची. आपल्या घरापासून चालत दहा मिनिटं! मी आठ वर्षं त्या शाळेसमोरून भाजी आणली, सुहास. पण मी तरी काय केलं? तुझ्याच तालमीत तयार झालेली ना मी! पहिला विचार हा आला की तिथे एखाद्या विद्यार्थ्याचा बाप भेटला तर? म्हणून मी ठाण्याचा ग्रुप शोधला. केतकीला एवढंच सांगितलं की आता बाटली आणू नकोस. आईंना सांगितलं, शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, दर शनिवारी चार वाजता.

पहिल्या शनिवारी चुकीच्या खोलीत शिरले. नौपाड्यातली जुनी शाळा, वर तीन वर्ग उघडे होते. पहिल्या वर्गात बायका बसल्या होत्या, एकीने "या, या, बसा" म्हटलं, मी बसले. पाच मिनिटांनी टाळ निघाले. भजनी मंडळ होतं! उठायची आणि 'दारू सोडायचा वर्ग कुठला' असं विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी तासभर भजनं म्हटली. निघताना त्या म्हणाल्या, तुमचा आवाज चांगला आहे, पुढच्या शनिवारी नक्की या.

पुढच्या शनिवारी शेवटच्या वर्गात गेले. पहिलीच्या मुलांचे बाक, गुडघे हनुवटीला लागत होते. चौदा पुरुष आणि एक बाई. ती बाई म्हणजे लताताई, चेंदणी कोळीवाड्यातली, मासळी विकते. एकेक जण आपलं नाव सांगत होता आणि म्हणत होता, मी दारुडा आहे. अगदी सहज, जसं कोणी सांगावं की मी डोंबिवलीला राहतो. माझी पाळी आली. मी उभी राहिले, शाळेत पाहुण्यांसमोर राहते तशी, आणि म्हणाले, "मी वैशाली. मला मायग्रेन आहे."

कोणी हसलं नाही. फक्त लताताई खालच्या आवाजात म्हणाली, "मना पन व्हता."

मी खाली बसले. आणि तेवढ्यात माझ्यासमोर चहाचा कप आला. वर बघते तर कप धरणारे हात शेट्येकाकांचे! आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावरचे. तुझ्या स्कूटरवर चार वेळा 'चुकीचे पार्किंग' असा कागद चिकटवला ते. थोडा चहा बशीत सांडला.

मीटिंग संपल्यावर जिन्यात आम्ही दोघंच उरलो. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

"काका, तुम्ही इतक्या लांब?"

"अकरा वर्षं झाली, मॅडम. डोंबिवलीत कोणी ओळखलं तर, म्हणून इथे येतो. तुम्ही?"

"मीसुद्धा त्याचसाठी."

ते एकदम हसायला लागले. पार्किंगवरून भांडणारा तो माणूस असा पोट धरून हसू शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणाले, "आणि सांगू का, ठाण्याचे आमचे निम्मे लोक डोंबिवलीच्या मीटिंगला जातात."

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही दोघं एकाच गाडीने ठाण्याला जायचो, वेगवेगळ्या डब्यांतून. बिल्डिंगमध्ये अनोळखी. गेल्या महिन्यात त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं, गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी खाली गळतं म्हणून. आणि शनिवारी माझा चहा कमी साखरेचा हे लक्षात ठेवून आणून दिला.

आज अठ्ठ्याण्णव दिवस झाले, सुहास. तुझ्या झाकणाशिवाय.

आता कालचं. मीटिंग झाली, लोक बाक सरळ करत होते. काका म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटं. मी तुम्हाला हे आधीच सांगायला हवं होतं. भ्यालो."

चार वर्षांपूर्वी एका सकाळी मी आणि ते लिफ्टमध्ये होतो. "वेलचीचा वास येत होता," म्हणाले, "आणि वेलचीच्या मागचापण. आम्हा लोकांना तो कळतो." त्याच संध्याकाळी त्यांनी तुला गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. माझ्याबद्दल एक शब्द न काढता आधी स्वतःचं सगळं सांगितलं. नोकरी कशी जायची वेळ आली, बायको माहेरी कशी गेली, मुलगा अजून कसा बोलत नाही. आणि मग सोसायटीच्या एका नोटिशीच्या मागे डोंबिवलीच्या मीटिंगचा आणि ठाण्याच्या मीटिंगचा, दोन्ही पत्ते लिहून तुझ्या हातात दिले.

तू काय म्हणालास? "काका, तुमचा गैरसमज होतोय. आमच्या घरात कोणी पीत नाही." आणि कागद खिशात घातलास.

इथवर मी समजून घेतलं असतं. घाबरलास, म्हटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तू त्यांना जिन्यात अडवलंस आणि म्हणालास, "पुन्हा हा विषय काढलात तर पुढच्या सभेत मी सगळ्यांना सांगेन, आपले सेक्रेटरी पूर्वी काय होते ते."

मी काकांना म्हटलं, "शक्य नाही. सुहास असं बोलणार नाही." रिक्षावाल्याने पायावर चाक घातलं तर त्यालाच सॉरी म्हणणारा तू! आणि मग मलाच आठवलं. त्याच सुमारास तू मला एकदा सांगितलं होतंस, "त्या शेट्येंशी फार बोलू नकोस. त्यांची नजर बरोबर नाही." मी इतकी वर्षं त्यांना बघितलं की पदर सावरायचे. एका भल्या माणसाने जीव मुठीत धरून स्वतःची लाज तुझ्यासमोर उघडी केली आणि तू त्याच्यावर असला चिखल उडवलास? लाज नाही वाटली?

अंगाचा नुसता तिळपापड झाला. काका मागून "मॅडम, मॅडम" करत राहिले आणि मी चालत सुटले. स्टेशनसमोरच्या त्या दुकानाशी येऊन थांबले. पर्समध्ये हात घातला तो मोबाइल लागला. लताताईला फोन केला. काल ती मीटिंगला आली नव्हती, मागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता.

"काय गो, काय झाला?"

"लताताई, मी दुकानासमोर उभी आहे."

"उबी हायस ना, आत नाय ना गेली? मंग पाठ फिरव आदी. फिरवली?"

"फिरवली."

"आता चाल. चालता चालता बोल. कोनाचा राग आलाय?"

"नवऱ्याचा."

"मेला ना तो?"

"हो."

"मंग दे शिव्या! तो काय उठून माराला येनार हाय? मना लिवता येत नाय, मी खाडीवर जाऊन बोंबलतंय. तुना लिवता येतं, तू बाय मास्तरीन. घरी जा न लिव त्याला."

म्हणून हे पत्र. यात शिव्या नाहीत, कारण मला येत नाहीत. येत असत्या तर घातल्या असत्या.

का केलंस रे असं? रात्रभर मी हेच विचारतेय. माझी नोकरी जाईल म्हणून? आईंना काय वाटेल म्हणून? का, मला भीती वाटते ते लिहूनच टाकते, मी बरी झाले असते तर तुला काय काम उरलं असतं? सगळे तुला देवमाणूस म्हणायचे. बायकोचं डोकं चेपणारा, रात्री अंगावर पांघरूण घालणारा, तिच्या वह्या तपासणारा. मी उठून माझ्या वह्या मीच तपासायला लागले असते, तर तुझं देवपण गेलं असतं का? की हे मी रागाने लिहितेय आणि तू फक्त एक घाबरलेला माणूस होतास? मला खरंच कळत नाही. आणि विचारायला तू नाहीस, याचा तर अजूनच राग येतो.

ग्रुपमध्ये म्हणतात, दुसऱ्याकडे बोट दाखवायच्या आधी आपलं बघ. बघितलं. पिणारी मी होते. खूण खोडणारी मी होते. लेकीच्या हातून ग्लास घेणारी मीच. पण बाहेर जायचं दार कोणीतरी आपल्याला दाखवलं होतं, सुहास, आणि तू ते लपवून ठेवलंस. केतकी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिला झाकण धरायला अजून तीन वर्षं अवकाश होता. तिला ते कधीच धरावं लागलं नसतं!

*

मधे दोन तास गेले. आता दुपारचे अडीच वाजलेत, आणि हा पुढचा भाग लिहिताना माझं अक्षर बिघडलंय.

वरचं लिहून झालं आणि आईंनी आंघोळीला पाणी मागितलं. मी वही टेबलावर तशीच ठेवून उठले. परत आले तर केतकी उभ्याने वाचत होती. मी काही बोलायच्या आत तिने वर बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तीन वर्षं?" ती म्हणाली. "बाबांना तीन वर्षं माहीत होतं?"

"केतकी, ऐक..."

"मी बारावीत होते, आई! मी बारावीत होते तेव्हा तो कागद बाबांच्या खिशात होता? मग मला का शिकवलं त्यांनी? मला पत्ता द्यायचा ना! मला माप कशाला दिलं?"

ती ओरडत होती. केतकी! जन्मात जिचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू आला नाही, ती. आम्ही स्वयंपाकघरात होतो, आणि तिथली खिडकी बिल्डिंगच्या मधल्या डक्टमध्ये उघडते, एका घरातलं बोलणं सगळ्या घरांत जातं. रविवारची दुपार, आठही घरांत कुकर लागलेले. माझा हात आपोआप खिडकीकडे गेला. तू असतास तर कधीच लावून घेतली असतीस. खिट्टीवर माझी बोटं टेकली होती. मी हात मागे घेतला.

"बोल," मी म्हटलं.

आणि ती बोलली. "त्या दुकानात माणसं माझ्याकडे कशी बघायची तुला माहितीये? मी ओढणी डोक्यावरून घ्यायचे. पिशवीत बाटली वाजू नये म्हणून मी माझा स्वेटर गुंडाळायचे तिला. आणि तू ग्लास घेऊन थँक्यू म्हणायचीस ना, तेव्हा मला वाटायचं तो ग्लास भिंतीवर फेकून मारावा. बाबा गेल्याचं मला रडता पण नाही आलं, कारण साडेसात वाजायचे रोज!"

आई ओल्या केसांनी बाहेर आल्या. "काय झालं गं? का ओरडतेस?"

"आजी, आईला मायग्रेन नाहीये," केतकी म्हणाली. "आई दारू प्यायची. बाबा आणायचे. मग मी आणायचे."

डक्टमध्ये कोणाचा तरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला. आई माझ्याकडे बघत राहिल्या, मग तुझ्या फोटोकडे, मग परत माझ्याकडे.

"खोटं बोलतेय ना ही?"

"नाही, आई. खरं आहे."

"आणि मी रोज विचारायचे," आई म्हणाल्या, "औषध घेतलंस का म्हणून."

त्यांनी पदराने केस टिपले. "अजून घेतेस?"

"नाही. अठ्ठ्याण्णव दिवस झाले."

"सुहास माझ्याशी खोटं बोलला? आठ वर्षं?"

मी मान हलवली. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. जेवायला आल्या नाहीत. मी दोनदा हाक मारली, आतून "भूक नाही" एवढंच आलं. त्या माझ्याशी पुन्हा बोलतील की नाही, मला माहीत नाही. तुझं श्राद्ध आठवड्यावर आलंय आणि तुझी आई तुझ्यावर रुसलीय. हे तू केलंयस. थोडं मी.

केतकी नंतर अर्धा तास बोलत होती, कधी ओरडून, कधी रडून, मधेच पाणी पिऊन पुन्हा. मी खाली फरशीवर बसून सगळं ऐकलं. एकदाही 'बाबांना असं म्हणू नये' म्हटलं नाही, 'हळू बोल' म्हटलं नाही. तिचा आवाज फार मोठा आहे रे. खणखणीत, पार गच्चीपर्यंत जाईल असा. वीस वर्षं एकाच घरात राहून तू तो ऐकला नाहीस, मीही नाही.

एव्हाना सगळ्या बिल्डिंगला कळलं असेल. उद्या कदाचित शाळेतही कळेल. मला भीती वाटतेय. आणि हो, प्यावंसंही वाटतंय. काकांना फोन केला होता. ते म्हणाले, "वैशाली, मी वर येतो." वेगळ्या डब्यातून नाही, जिन्याने, सगळ्यांच्या देखत. चार वर्षांपूर्वी तू ज्या जिन्यात त्यांना अडवलंस, त्याच जिन्याने येतायत. आज पहिल्यांदाच मॅडम म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी तुझं सगळं नीट करीन. पण कोणी म्हणालं की सुहासने तिला फुलासारखं जपलं, तर मी मान डोलावणार नाही. माझा राग गेलेला नाही. तो जाईल असं खोटं वचनही तुला देणार नाही.

एक देते. केतकीला जे बोलायचं असेल, जितक्या मोठ्याने बोलायचं असेल, तितकं ती या घरात बोलेल, आणि ते ऐकताना मी शुद्धीवर असेन. हे वचन फक्त आजचं आहे. उद्याचं उद्या देईन.

तुझी,
वैशाली